चोवीसला उठणारी थेल्मा आंटी

थेल्मा ओशिरो आमच्या होनोलुलूच्या स्टेडियममध्ये कॉलेजच्या पोरांचं व्हॉलीबॉल बघायला येते, त्याला तीसेक वर्षं तरी झाली असतील. पण या वर्षापर्यंत सेट जिंकून देणारा पॉइंट तिनं एकदाही पाहिलेला नव्हता. सेट पंचविसाचा. आपले चोवीस झाले की ती उठायची, मांडीवरची उकडलेल्या शेंगांची पिशवी शेजारच्या मॅनीच्या हातात कोंबायची आणि दारातून बाहेर पडायची. खाण्याच्या गाड्यांपाशी उभी राहायची आणि आतून आरडाओरडा ऐकू आला की परत यायची. पूर्वी सेट पंधराचा होता तेव्हा ती चौदाला उठायची. मध्ये काही वर्षं तिसाचा झाला, तेव्हा एकोणतिसाला. नियम करणारे बदलले, आंटी काही बदलली नाही.

हे खूळ तिच्या नवऱ्यानं, वॉलीनं, तिच्या डोक्यात घातलं. एकदा आपली पोरं हरायला टेकली असताना ती बाथरूमला गेली आणि परत येईतो सामना फिरला होता. वॉली म्हणाला, "तू पांढऱ्या पायाची आहेस. यापुढे शेवटच्या पॉइंटला बाहेर थांबायचं." तो गमतीत म्हणाला असणार, वॉली गंभीरपणे कधी काही बोललाच नाही. पण थेल्मानं ते धरलं ते धरलंच. पुढे वॉली गेला. त्याचं म्हणणं मात्र राहिलं, आणि म्हणूनच कदाचित तिला ते सोडवेना.

आमच्या तिघांच्या खुर्च्या दाराशेजारी, शेवटच्या रांगेत. कडेला थेल्मा, पळायला सोपं म्हणून. मध्ये मॅनी फ्रायटस. पलीकडे मी. मॅनीला कुठलाच प्रशिक्षक कधी पसंत पडलेला नाही. तो सामना बघायला येतो की भांडायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या वर्षी मात्र थेल्माचा जीव टांगणीला लागला होता, कारण संघातल्या तिच्या नातवाला खेळायला मिळण्याची ही शेवटची संधी होती. ब्रायसन. त्याची आई कामासाठी लास व्हेगासला गेली ती तिकडचीच झाली, पोराला थेल्मानं वाढवलं. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात भात उपसायचा आणि संध्याकाळी गल्लीत खुर्ची टाकून त्याचे चेंडू परत फेकायचे, हा तिचा कितीतरी वर्षांचा उद्योग. पोरगं शेजाऱ्याच्या गॅरेजच्या भिंतीवर सर्व्हिस मारायचं. भिंतीचा रंग गेला, शेजारी बोलायचा बंद झाला. कॉलेजात गेल्यावर ब्रायसनला संघात घेतलं, पण बाकावर बसवलं. पहिली तिन्ही वर्षं त्यानं टाळ्या वाजवल्या. हे शेवटचं वर्ष.

आता हंगामाची एक गंमत असते. जानेवारीत मेनलँडवरून, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून, लिंबूटिंबू संघ येतात, तेव्हा प्रशिक्षक बाकावरच्यांना उतरवून बघतो. मार्च उजाडला की बाकावरचे बाकावरच. आणि जानेवारीतही त्यांना उतरवतात कधी, तर सेट हातात आल्यावर. म्हणजे चोवीसला. म्हणजे थेल्मा बाहेर असताना.

जानेवारीतल्या एका बुधवारी नेमकं हेच झालं. पहिले दोन सेट जिंकलेले, तिसऱ्याला चोवीस-सोळा असताना ब्रायसनला सर्व्हिसपुरता उतरवला. त्यानं अशी मारली की समोरच्याचा हात हलला नाही. चेंडू रेषेच्या आत, सामना खलास, सगळं स्टेडियम उभं. थेल्मा परत आली तेव्हा मॅनीनं तिला खांद्याला धरून हलवलं.

"अगं बये, तुझ्या नातवानं जिंकून दिलं! आणि तू कुठे, तर शेंगांच्या गाडीपाशी!"

"म्हणूनच जिंकलं," थेल्मा म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता आणि पडलाही होता.

शुक्रवारी पुन्हा तोच संघ. पहिल्या सेटपासून मॅनी पेटलेला.

"हा आपला लिफ्टर आहे की पोस्टमन? सारखा त्याच पत्त्यावर चेंडू टाकतोय."

मी सगळा जन्म पोस्टात काढला, हे माहीत असूनच तो बोलला. "जानेवारी आहे, मॅनी," मी म्हटलं. "जरा दम धर."

"जानेवारीतच कळतं, पोरांत दम आहे की नुसती हवा. तो मधला उंचाडा बघ. ब्लॉकला उडी मारतोय की शिडीवर चढतोय?" मग तो थेल्माकडे वळला. "आणि तू, आज उठायचं नाही. सांगून ठेवतो."

"मी बसले आणि त्याची चुकली तर? पुन्हा उतरवतील का त्याला?"

"आणि तू उठलीस आणि पुन्हा उतरवलंच नाही तर? मग काय बघणार, माझं तोंड?"

"ते बघून बघून तर डोळे गेले माझे."

मॅनी हसला, पण थेल्मा हसली नाही. ती शेंगा सोलत होती आणि सोललेल्या तशाच पिशवीत परत टाकत होती. तिला आत बसायचं होतं, बाहेरही जायचं होतं, आणि दोन्हीची भीती वाटत होती. मला तिची फार दया आली. एरवी मला कुणाची लवकर येत नाही.

तिसऱ्या सेटला चोवीस-एकोणीस झाले. समोरच्यांनी टाइमआउट घेतला. थेल्मा उठली. पिशवी मॅनीच्या मांडीवर, आणि ती दारात. पण आज गाड्यांपर्यंत गेली नाही. दाराच्या आतच, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

टाइमआउट संपला आणि ब्रायसन मैदानात आला.

मॅनीचे गुडघे असे आहेत की राष्ट्रगीतालासुद्धा तो नाइलाजानं उठतो. तो उठला आणि दाराकडे वळून ओरडला, "थेल्मा! उतरवला गं त्याला!"

"मला सांगू नकोस."

"चेंडू आपटतोय. रेषेमागे चाललाय."

"गप्प बस, मॅनी!"

"थांबलाय. वर बघतोय, आपल्याकडे. अगं, तुझी खुर्ची शोधतोय तो. रिकामी खुर्ची बघतोय!"

मॅनी सपशेल खोटं बोलत होता. ब्रायसन चेंडूकडे बघत होता, दुसरीकडे कुठेच नाही. पण थेल्मा वळली. दोन पावलं आत आली, मॅनीच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि पाहिलं.

ब्रायसननं चेंडू पुन्हा चारदा आपटला, उंच फेकला, धावत आला, उडाला. चेंडू नेटच्या पट्टीला लागला आणि त्याच्याच बाजूला पडला.

स्टेडियमभर हळहळ पसरली. ब्रायसननं छातीवर हात ठेवून सोबत्यांची माफी मागितली, प्रशिक्षकानं त्याला लगेच बाहेर घेतलं. पुढचा पॉइंट मारून पोरांनी सामना जिंकला, पण आमच्या रांगेत कुणी टाळी वाजवली नाही. मॅनी खाली बसला होता.

"माझं चुकलं, थेल्मा," तो म्हणाला. "मी तुला बोलवायला नको होतं."

थेल्मा अजून मैदानाकडेच बघत होती.

सामन्यानंतर खेळाडू मैदानाच्या कडेला येऊन घरच्यांना भेटतात. ब्रायसन आला तशी ती म्हणाली, "माझ्यामुळे चुकली रे तुझी. मी बघितलं."

"तू आत होतीस?" तो चमकला. "ग्रॅमा, चेंडू वर फेकतानाच मागे गेला माझ्याकडून. त्यात तुझा काय संबंध?"

"काहीच नाही?"

"काहीच नाही गं."

इतक्या वर्षांची तिची ताकद पोरानं एका वाक्यात काढून घेतली. ती जरा रागावल्यासारखी झाली, मग तिनं त्याच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

ब्रायसनला त्या हंगामात पुन्हा उतरवलं नाही. आठवडे गेले, तगडे संघ आले, तो टाळ्या वाजवत राहिला. थेल्मा आता चोवीसला उठत नाही. पोरं कधी जिंकतात, कधी हरतात. हरली की मॅनी तिच्याकडे बघतो, आणि ती त्याच्या मांडीवर शेंगांची टरफलं टाकते.

एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाच्या पोरांना निरोप होता. गळ्यात हार घालून घालून ब्रायसनचे नुसते डोळे दिसत होते. हार घालायला लागलेल्या रांगेतल्या एका अनोळखी बाईनं थेल्माला विचारलं, "तुमचाच ना तो, सर्व्हिस मारून सामना जिंकवणारा? काय मारली होती हो!"

"ती मला माहीत नाही," थेल्मा म्हणाली. "मी बघितली ती दुसरी. सांगू? पांढरे मोजे होते, एक खाली घसरलेला. शर्ट मागून बाहेर आला होता. चेंडू चारदा आपटला त्यानं, गल्लीत आपटायचा तसाच. मग वर फेकला..."

बाई ऐकत राहिली. रांग पुढे सरकली, तरी थेल्माचं सांगून झालं नव्हतं.