भाजे गावची रास आणि किलोमागे दोन रुपये

नमुना म्हणून भाजे गावाहून आलं ते असं: इंद्रायणी तांदूळ दोन किलो, एकशे तीस रुपये, पार्सलचे साठ, आणि पिशवीच्या तळाशी भाताची एक लोंबी, तिचे काही नाही. लोंबी मी देवापुढे ठेवली. पूजेला डोळे मिटले की तिच्या वासाने आपण कुठल्याशा बांधावर उभ्या आहोत असं वाटायचं.

माझ्या नणंदबाई, सुमनवन्सं, यांचा तांदळाच्या पापडांचा कारखाना आहे. हिशेब मी बघते. त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, की तांदूळ पिकवणाऱ्यांना मजुरी नीट मिळते का. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, बघून या. आणि किलोमागे दोन रुपये तोडून या, नाहीतर व्यापाऱ्याकडून घेऊ."

तुळशीचं लग्न लागलं आणि मी निघाले. चिंचवडहून लोकलने मळवली. जाण्यायेण्याचं तिकीट तीस रुपयांच्या आत. स्टेशनबाहेर रिक्षावाला शंभर म्हणाला. मी रामाचं नाव घेऊन चालू लागले. तुम्हीही चालतच जा. महामार्गावरचा पूल ओलांडला की गाड्यांचा आवाज मागे पडतो. समोर लोहगड आणि विसापूर, अर्धे धुक्यात, जणू कुणी पुसता पुसता ठेवून दिलेले. वाटेत थाळी दीडशेला होती. माझ्याजवळ दशम्या होत्या.

तांदूळ पाठवणाऱ्या हिराबाई खळ्यावरच भेटल्या. झोडणी आटपली होती. राशीवर नारळ, हळदकुंकू. वरच्या वाडीतून मजुरीला येणाऱ्या ठमामावशी मापं भरत होत्या.

"लाभ," म्हणून त्यांनी पहिलं माप ओतलं. मग दोन. मग तीन.

"मावशी, एक कुठं गेला?" मी विचारलं.

"एक म्हनलं की रास संपल्यावानी वाटतं. म्हून आदी लाभ."

पहिलं माप हिराबाईंनी गावदेवाला बाजूला काढलं. पुढची मापं ठमामावशींच्या पोत्यात गेली. रोजाचे पैसे वेगळे, हा राशीचा वाटा.

"ह्ये हिचं. मग घरचं. ऱ्हाईल त्ये भरडून तुमच्या वन्संचं," हिराबाई म्हणाल्या.

मी दोन रुपये कमी करायचा विषय काढला.

"व्हतील की कमी," त्या शांतपणे म्हणाल्या. "कुटनं काढू त्ये तुमीच सांगा. देवाच्या मापातनं, का हिच्या?"

"देवाचंच काढा," ठमामावशी पोत्याचं तोंड आवळत म्हणाल्या. "त्यो काय बोलत न्हाई. माझी सून लय बोलती."

दोघी हसल्या. मीही हसले, पण पुढे घासाघीस करायला जीभ वळेना. पेंढ्यावर ऊन पसरलं होतं, भुसा सोन्यासारखा तरंगत होता. मी किती वेळ बसून राहिले, मला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर पदर झटकला तर साळीचे दोन दाणे पडले. ते लोंबीशेजारी ठेवले. परवा वाण्याकडचा गहू डब्यात भरताना पहिल्या मापाला तोंडातून लाभ निघालं, आणि मनात आलं, हा गहू कुणाच्या वाट्यातून आला असेल.

वन्सं, माझं लिहिलेलं छापून आलं की तुम्ही वाचताच. मजुरी नीट मिळते, हे गिऱ्हाइकाला सांगायचं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पण ते आहे त्याच भावात खरं आहे, दोन रुपये तोडून नाही. हिराबाईंनी कारखान्यासाठीची पोती तुमच्या होकारासाठी अजून शिवलेली नाहीत. घेऊ म्हणून कळवू ना? उलट टपाली लिहा.