टाइमकीपर देवरे आणि नसलेला काळ

आमच्या सातपूरच्या कारखान्यात प्रफुल्ल देवरे नावाचा टाइमकीपर होता. मूळचा नामपूरचा, फिजिक्समध्ये बी.एस्सी., तेही तिसऱ्या खेपेला. पण तोरा असा, की हे विश्व जणू याला विचारूनच उभं राहिलंय.

२००९ साली त्याने कुठल्याशा मासिकात एक लेख वाचला आणि आमचा छळ सुरू झाला. म्हणे, स्थळ आणि काळ मुळात नाहीतच. पार तळाशी क्वांटम पातळीवर सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि त्या गुंत्यातून लांब-जवळ, आधी-नंतर तयार होतं. भट्टीकडे बोट दाखवायचा. एका रेणूला तापमान नसतं, कोट्यवधी जमले की येतं, काळाचंही तसंच. शास्त्रज्ञांनाच अजून खात्री नाही, हे मात्र गिळून टाकायचा. आणि हाच माणूस सातच्या वर एक मिनिट झालं की कार्डावर लाल पेनाने 'लेट' लिहायचा. असल्या विद्वत्तेची मला शिसारी यायची.

आमच्यातला भिमाजी टेंपररी होता. पहाटे बाजारात झेंडू उतरवून सायकलने यायचा, त्यामुळे उशीर ठरलेला. त्याचं कार्ड मी पंच करायचो. आमच्यात ती रीतच होती. मी आठवडाभर रजेवर गेलो, तेवढ्यात त्याचे दोन लेट पडले. तिसरा पडला की परमनंटच्या यादीतून नाव जाणार होतं.

परतलो त्या सकाळी माझं कार्ड मारलं, त्याचं हातातच होतं, तेवढ्यात देवरेने काळाचं कीर्तन लावलं. त्याला चारचौघांत तोंडघशी पाडायची संधी मी सोडतोय कसला! विचारलं, काळ नाहीच, तर लेट कसले मारता? सगळे हसले. मला चेव आला. भोंगा झाला तरी मी बोलतच होतो. भानावर येऊन पंच केलं, तर भिमाजीच्या कार्डावर छापून आलं, सात वाजून दोन मिनिटं.

मी हातापाया पडलो. देवरे शांतपणे म्हणाला, "तळाशी काळ नसेल हो. आपण वर राहतो. इथे सात म्हणजे सात." आणि पेन उघडलं.

नालायक माणूस. पुढे वर्षभर मी भेटेल त्याला हा किस्सा रंगवून सांगितला.

एकदा फुलबाजारात भिमाजी भेटला. मी देवरेला शिव्या घालायला सुरुवात केली. तो झेंडूवर पाणी मारत म्हणाला, "त्याचं जाऊ द्या भाऊ. कार्ड तुमच्या हातात व्हतं."