शेवट न दाखवणारे काका

खलास काका कुठलाही सिनेमा शेवटपर्यंत दाखवायचे नाहीत. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली, की दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगमधली पाच-सहा मराठी पोरं त्यांच्या हॉलमध्ये गालिच्यावर येऊन बसायची. भिंतीवरच्या टीव्हीवर जुना काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा सुरू व्हायचा. पडद्यावरचा माणूस कोटाच्या खिशात पिस्तूल घालून जिना चढू लागला, की काका रिमोट उचलायचे आणि म्हणायचे, "खलास!"

"काका, दॅट्स नॉट फेअर!" आम्ही ओरडायचो.

"शेवट पोलिसांसाठी असतो," ते शांतपणे सांगायचे. "त्या काळी तिकडे नियमच होता, गुन्हेगार सुटता कामा नये. म्हणजे शेवटची दहा मिनिटं सरकारी. आपली गोष्ट जिन्यावरच संपली. यल्ला, चला घरी."

या सिनेमांना जाणकार लोक फिल्म न्वार म्हणतात हे मला पुढे कॉलेजात कळलं. काका त्यांना 'अंधारी सिनेमे' म्हणत. बाहेर डोळे फुटतील असं ऊन, आणि आत आम्ही पावसाळी अमेरिकन रस्ते बघत बसलेलो. बाकी सगळ्यांच्या घरांत फुलाफुलांचे पडदे होते. काकांकडे आडव्या पट्ट्यांची ब्लाइंड्स होती, त्यामुळे पडद्यावर जशा सावल्यांच्या पट्ट्या पडत, तशाच आमच्या अंगावरही पडायच्या. काकू स्वयंपाकघरातून चिवड्याचं ताट घेऊन आल्या की त्यांच्याही साडीवर पट्ट्या. "तुरुंगात आल्यासारखं वाटतं तुमच्या या हॉलमध्ये," त्या म्हणायच्या. काकांना ही तारीफ वाटायची.

सिनेमे निवडायची त्यांची एक पद्धत होती. त्यात एखादं कोवळं पात्र असायलाच हवं. कधी हमरस्त्यावरच्या हॉटेलमालकाची मुलगी, वडील तळघराची किल्ली कुणालाच का देत नाहीत याचा विचार करणारी. कधी डोक्याला मोठी होणारी टोपी घालून शहरात आलेला एखादा पोरगा, भेटेल त्या पहिल्या सभ्य माणसाला देव मानणारा. "दुसऱ्या सिनेमांत पोरगा मोठा होतो तेव्हा त्याला काहीतरी मिळतं," काका सांगायचे. "मुलगी, घोडा, निदान एखादं पदक. यात त्याला नुसतं कळतं."

"काय कळतं?" हा प्रश्न त्यांचा मुलगा आदित्य विचारायचा. तो माझ्याच वर्गात होता.

"की घरातली मोठी माणसं अजून मोठी झालेली नाहीत."

नोकरी त्यांची विमा कंपनीत, गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासण्याची. दिवसभर लोकांची खोटी बोलणी ऐकून त्यांची दोन मतं पक्की झाली होती. खोटं बोलणारा फार व्यवस्थित बोलतो, हे एक. आणि दुसरं, "चेहऱ्याकडे बघू नका. चेहरा म्हणजे पगारी नट. हात बघा." सिनेमा चालू असताना ते मध्येच थांबवून विचारायचे, "आदि, त्याचे हात कुठे आहेत?" आदित्यला नेहमी माहीत असायचं. मी बहुतेक वेळा चिवडा खात असायचे.

आम्ही बारावीला असताना काकूंना पोटाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनसाठी त्या नाशिकला आपल्या भावाकडे गेल्या. बोर्डाचे पेपर सुरू झाले, आणि पेपरांच्या मधल्या सुट्टीत काका अचानक ऑफिसच्या कामासाठी मस्कतला गेले. आदित्य आमच्याकडे राहायला आला. माझी आई त्याला गरम गरम वरणभात वाढायची आणि रोज न विचारता सांगायची, "तुझ्या आईचा आजच फोन आला होता हो. बरं आहे म्हणाली. तुला फोन नाही करत, अभ्यास मोडतो ना." वरण वाढताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. मी बघत होते, पण मला तेव्हा बघायचं कसं ते येत नव्हतं.

गल्फमधल्या आपल्या लोकांत हा एक अलिखित नियम आहे. गावाकडे कुणी वारलं आणि मुलाची परीक्षा चालू असली, तर पेपर संपेपर्यंत त्याला सांगायचं नाही. याला कुणी खोटं म्हणत नाही. याला काळजी म्हणतात, आणि त्यात सगळी बिल्डिंग सामील होते, वॉचमनसुद्धा.

काका परत आले. येताना मस्कतचा हलवा आणला, मस्कतच्या उकाड्याबद्दल बोलले, तिथल्या हॉटेलातल्या नाश्त्याला नावं ठेवली. सगळं फार व्यवस्थित. (हलवा शारजातल्या रोला बाजारातून घेतलेला होता, हे आईने मला पुढे सांगितलं.) आणि काहीच घडलेलं नाही हे दिसावं म्हणून त्यांनी शुक्रवारी नेहमीसारखा सिनेमाही लावला. "एक दुपार डोकं मोकळं करा," म्हणाले, "मग अभ्यास आहेच."

त्या दिवशी पडद्यावरचा माणूस जिना चढला. वर पोहोचला. दार उघडलं. गोळी सुटली, पोलीस आले, टोपी काढून कुणीतरी दोन वाक्यं बोललं, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'द एन्ड' आलं. लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच शेवट बघायला मिळाला होता.

आदित्यने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो वडिलांच्या हाताकडे बघत होता. रिमोट त्यांच्या हातात होता, उलटा धरलेला.

"बाबा," तो म्हणाला, "आई कधी गेली?"

काकांनी आमच्या आईकडे बघितलं. आई चिवड्याचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या क्षणी मला दिसलं, की दोन मोठी माणसं एका मुलाच्या डोक्यावरून एकमेकांना विचारताहेत, आता काय करायचं.

"मंगळवारी," काका म्हणाले.

"तुम्ही होतात तिथे?"

"हो."

"आणि मी इथे वरणभात खात होतो."

एवढंच. तो उठून आपल्या खोलीत गेला. दोन पेपर राहिले होते. दोन्ही दिले, आणि चांगले दिले. निकाल लागला तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे सोन्याचे व्यापारी होते, आणि सोन्याच्या भावाइतकेच वर जाऊन बोलले. "मातृवियोगाचं दुःख पचवून या बाळाने…" असं त्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की बाळाने शाल खांद्यावरून काढून घडी घालून खुर्चीवर ठेवली. काका शेवटच्या रांगेत होते. टाळ्या वाजवायला त्यांनी हात उचलले आणि परत मांडीवर ठेवले.

आमच्या इथे मुलगा वयात आला हे मिशीवरून कळत नाही. बापाच्या व्हिसावरून उतरला की कळतं. ज्या गावात जन्मला, तिथे राहायला त्याला आता स्वतःचं कारण लागतं. आदित्यपाशी कारण नव्हतं. तो कॅनडाला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. सणावाराला फोन करायचा. दोन मिनिटं, हवामानावर. एकदाही आला नाही.

मी दुबईत नोकरीला लागले, शारजात राहू लागले, आणि सुट्टीच्या दिवशी काकांकडे जायची सवय धरली. ब्लाइंड्स तीच होती, पोरं नव्हती. नवीन पोरांना काळा-पांढरा सिनेमा म्हणजे टीव्ही बिघडलाय असं वाटतं. काका एकटे बघत बसायचे, आणि एकटे असले तरी जिन्यापाशी बंद करायचे.

"इतकी वर्षं पोरांना एकच शिकवलं," एकदा ते म्हणाले, "मोठ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि बघ, माझ्याच घरातला विद्यार्थी हुशार निघाला." ते हसले. मग म्हणाले, "मनू, मला वाटलं होतं पेपर बुडतील त्याचे. खरंच तेवढंच वाटलं होतं गं."

यंदा त्यांची फुप्फुसं गेली. अजमानच्या हॉस्पिटलमधल्या मल्याळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आठवडा, कदाचित दोन. नाशिकहून काकूंच्या भावाचा फोन आला, तो मी स्पीकरवर ठेवला. "आदित्यची तिकडे इंजिनिअरच्या लायसन्सची परीक्षा आहे म्हणे," मामा म्हणाले. "एवढी होऊन जाऊ दे. मग सांगू हळूहळू."

"बरोबर आहे," माझी आई खाटेशेजारून म्हणाली. "उगाच पोराचं नुकसान नको."

मी आईकडे बघतच राहिले. काकांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला.

"आजच सांग त्याला," ते मला म्हणाले. "मी आहे तोवर. एकदा तरी त्याला वेळेवर कळू दे."

मी बाहेर पार्किंगमध्ये गेले. भर दुपार होती, तिकडे पहाट. आदित्यने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "मनू? हू डाइड?"

"अजून कुणी नाही," मी म्हटलं. "म्हणून तर फोन केलाय."

मी सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थँक्स. आय मीन इट. मला आजपर्यंत असं कुणी सांगितलं नव्हतं."

"तिकीट बघू का तुझं? उद्या निघालास तर पोहोचशील."

"गुरुवारी पेपर आहे."

"आदि, पेपर पुन्हा देता येतो."

"माहितीये." तो म्हणाला. "दॅट्स द थिंग, मनू. तेव्हा मला हे कुणीतरी म्हणायला हवं होतं."

"बाबांना फोन देऊ?"

"नको," तो म्हणाला. "काय बोलणार? हवामान?"

मी वर गेले. आई म्हणाली, "काय म्हणाला गं?" आणि मी चेहरा शक्य तितका ठीकठाक केला. काकांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"पेपर कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

"देईल. चांगला देईल." मास्क पुन्हा लावायच्या आधी ते म्हणाले, "शेवट बघायची सवय मीच लागू दिली नाही त्याला."

काका बुधवारी दुपारी गेले. मामांचा लगेच फोन, "आता एका दिवसाचा तर प्रश्न आहे, उद्यापर्यंत थांब." मी थांबले नाही. आदित्यला मेसेज केला, दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. गुरुवारी त्याने पेपर दिला. पुढे तो पास झाल्याची बातमी आली, तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचे हार पडले. काकांना श्रद्धांजली वाहताना वापरलेलंच फुलांचं चित्र बऱ्याच जणांनी पुन्हा पाठवलं होतं.

परवा आदित्यचा फोन आला. हवामान झालं. मग त्याने विचारलं, "तो मोठ्या टोपीवाला मुलगा आठवतो? त्याचं शेवटी काय होतं गं?"

"काकांनी बंद केला होता," मी म्हटलं. "जिन्यावर."

"हो," तो म्हणाला. "बरोबर. जिन्यावर." आणि फोन ठेवला.