पायांचा शॉट

"ये मजदूर नहीं लगता. इसको गंदा करो."

हे माझ्या बाबांबद्दल म्हटलं गेलं, माझ्यासमोर. म्हणणारा सिनेमाचा सहाय्यक दिग्दर्शक, मुंबईचा. गिरणीच्या छपराखालीही त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. गर्दीत काम करायला बोलावलेल्या जुन्या कामगारांच्या रांगेत बाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, बुटांना पॉलिश. माझे आजोबा महूला फौजेत होते. आमच्या घरातला माणूस मिरच्या आणायला निघाला तरी परेडला निघाल्यासारखा दिसतो. बाबांनी सगळी नोकरी याच गिरणीत केली, ती असंच येऊन. गिरणी बंद पडली, इस्त्री नाही पडली.

मेकअपवाल्या बाईनं काळा रंग आणला आणि बाबांच्या गालांना, कपाळाला, शर्टाला फासला.

कापसाच्या गिरणीत माणूस काळा होत नाही. पांढरा होतो. भुवयांवर, कानांत, पापण्यांवर कापसाचा भुगा. लहानपणी मला वाटायचं, बाबा रोज म्हातारे होऊन घरी येतात आणि आंघोळ करून पुन्हा तरुण होतात. त्या बाईनं कोळशाच्या खाणीचा एखादा सिनेमा पाहिला असावा.

बाबा डोळे मिटून उभे राहिले. मी बघत राहिले. माझ्या हातात बॅटरीवरचा भोंगा होता.

भोंगा ही माझी नोकरी. मी मराठीत एम.ए. केलं होतं आणि इंदुरात त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा झाला होता. सुदामा नगरात शिकवण्या घ्यायचे. मग ही सिनेमाची मंडळी आली. त्यांना इथली भाषा बोलणारं, इथली गर्दी हाकणारं कुणीतरी हवं होतं. काम चोख केलं तर पुढे मुंबईला नेऊ, असं म्हणाले होते. माझं नाव कुणी विचारलं नाही. काळा चष्मा मला "ऐ लोकल" म्हणायचा.

सिनेमा फार मोठ्या खर्चाचा होता. किती मोठ्या, हे सांगायला एक वेगळा माणूस ठेवला होता. तो पत्रकारांना घेऊन फिरायचा. क्रेन, तारा, भिंतीएवढे हिरवे पडदे. हिरोच्या पोशाखाला स्वतःचा पंखा होता. दोन शॉटच्या मधे एक माणूस तो पंखा पोशाखासमोर धरायचा. हिरो आत असला तर त्यालाही वारा लागायचा.

गोष्ट अशी. हिरो गिरणीत माग चालवणारा गरीब विणकर. एका वादळात मागावर वीज पडते. त्या क्षणी तो धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होडीतला धागा तोंडानं ओढत असतो. वीज धाग्यातून पोटात जाते आणि तो उडायला लागतो. मग गिरणी पाडून तिथं बाजार बांधायला निघालेल्या शेठला तो हरवतो, कोसळती चिमणी खांद्यावर झेलतो, गिरणी वाचवतो. खरी गिरणी केव्हाच विकली गेली होती. पाडायच्या आधी थोडे दिवस रिकामी होती, म्हणून शूटिंगला मिळाली. नव्या मालकानं मुहूर्ताला नारळ फोडला आणि सिनेमा मजदूरांना अर्पण केला.

सेट लावला होता लूम खात्यात, जिथं माग चालायचे. बाबा रिंग खात्यात सूत कातायचे. लूम खातं शेजारीच, मधे एक दार. त्या दारातून बाबा नोकरीभर आत गेले नाहीत. जुन्या मागांवर धोटा भरायचा तर त्याच्या भोकाला ओठ लावून धागा ओढावा लागायचा. एकाचा ओठ लागला तिथं दुसऱ्याचा लागणार. आमच्या तोंडचा धागा कुणालाच नको होता. असा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. लिहिला असता तर निदान फाडता आला असता.

त्या दिवशी बाबा पहिल्यांदा त्या दारातून आत आले. तोंडाला काळं लावून.

शॉट समजावून सांगण्यात आला. हिरो तारेवरून खाली उतरणार. सगळे मजदूर धावत येणार आणि त्याच्या पायावर लोटांगण घालणार. "जैसे भगवान आ गए," काळा चष्मा म्हणाला. "लोकल, समझा इनको."

मी भोंग्यातून समजावलं. नीट, तीन भाषांत. हिंदी, मराठी, थोडी माळवी.

बाबा माझ्याजवळ आले. हळूच विचारलं, "पायावर? कुणाच्या?"

"हिरोच्या."

"त्यानं काय केलं?"

"गिरणी वाचवली."

"कुठली?"

कुणाला अवतार मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेताना केली होती. आमच्या घरात ती दर वर्षी उभं राहून म्हटली जाते. मला बाबांनीच शिकवली.

"मी उभा राहीन बेटा," बाबा म्हणाले. "पण मागं, त्या खांबाआड. दिसणार नाही. तुझ्या कामाला त्रास नको."

काळं फासलं तेव्हा मी सहन केलं. हे नाही झालं. ताठ उभा राहणारा माणूस माझ्या नोकरीसाठी खांबाआड लपायला निघाला होता.

हिरो उतरला. लोक धावले, आडवे झाले. खांबाआडचा इस्त्रीचा खांदा तेवढा दिसत राहिला.

"कट! वो बुड्ढा कौन खड़ा है?"

जमिनीवर पडलेला एक जुना विणकर मान वर करून म्हणाला, "अरे भिया, नाटक ही तो है, झुक जाओ नी."

बाबा म्हणाले, "नाटक है तो हीरो से बोल भिया, वो झुक जाए."

दोघंतिघं हसले. काळा चष्मा हसला नाही. माझ्याकडे वळला. "तेरा बाप है ना? बोल उसको. तुम लोगों को झुकने में कब से तकलीफ होने लगी?"

'तुम लोगों को'. नाव कधी विचारलं नव्हतं, पण जात मात्र विचारून ठेवली होती.

भोंगा माझ्या ओठांपाशीच होता. तेव्हा मला लख्ख दिसलं. या खात्यात आमच्या तोंडचा धागा चालत नव्हता. आमच्या तोंडून त्यांचा हुकूम चालत होता.

मी भोंग्यातच म्हणाले, "ये मेरे पिताजी हैं. ये खड़े रहेंगे. बाबा, खांबाआडून बाहेर या."

बाबा बाहेर आले. रिंग खात्यातले दोघं उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले. बाकीचे पडून राहिले. त्यांना घरी चूल होती, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी भोंगा जमिनीवर ठेवला. आम्ही लूम खात्याच्या दारातून बाहेर पडलो. बाबांनी नळावर तोंड धुतलं. शर्टाचे डाग काही निघाले नाहीत.

पुढे सिनेमा आला. मी तिकीट काढून पाहिला. लोटांगण आहे, संगीतासकट. गिरणीच्या जागी आता बाजार आहे. तो उघडला तेव्हा दारात हिरोचा उडता पुतळा लावला होता.

मुंबई राहिली. शिकवण्या चालू आहेत. अधूनमधून बोलावणं येतं. मंत्री येणार आहेत, कंपनीचं उद्घाटन आहे, तुमचा आवाज चांगला आहे, माइकवर तुम्ही बोला. मी आधी विचारते, लोकांना काय करायला सांगायचं आहे? उठायला, वाकायला, टाळ्या वाजवायला? मग मी नाही म्हणते. कारण सांगत नाही. हे तोंड माझं आहे. ते आता कुणाचा भोंगा होणार नाही.