चिमूट आणि मूठ

मुलुंडला आमच्या समोरच्या खोलीत राहणारे ते गृहस्थ मेडिकल कॉलेजात माकडांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे पाहतच नसत, हातांकडे पाहत. मी वाल सोलायला बसले की ते दारात हजर.

"वहिनी, ही चिमूट मांजराला जमत नाही. मेंदूतून थेट बोटांकडे जाणारी वाट माकडाला आणि आपल्यालाच."

"मग पाठवा की एखादं माकड, शेरभर सोलायचेत," मी म्हणे. टोमणा त्यांना कधी कळला नाही.

पुढे सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. काही महिन्यांनी मूठ वळू लागली, पण वालाचा दाणा चिमटीत येईना. आता आपण नुसतं बसून खायचं, म्हणून त्या रडत. होईल हळूहळू, असं आम्ही सगळे म्हणत होतो. समोरचे गृहस्थ मात्र दारातूनच म्हणाले, "चिमूट परत येणार नाही, काकू. ती वाट तुटली. माकडांचंही असंच होतं."

"अहो, जरा माणसासारखं बोला!" मी ओरडले.

सासूबाईंचं रडणं मात्र थांबलं होतं. "मग मूठ कशी वळते रे?"

"तिची वाट निराळी, जुनी. ती शाबूत आहे."

एवढं बोलून ते चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि खलबत्ता आणून त्यांच्यापुढे ठेवला. सासूबाईंनी बत्ता मुठीत धरला, एकदा आपटून पाहिला आणि माझ्यावरच खेकसल्या, "बघतेस काय? आलं आण."