तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने चालवलेली वाटी

आधीच सांगतो, करणी, भानामती, भुतंखेतं यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही नाही. या सदरातले तुमचे अनुभव मी दर महिन्याला वाचतो ते हसायला, आणि बायकोला वाचून दाखवतो तेही हसायलाच. त्यामुळे मी स्वतः लिहायला बसलोय म्हटल्यावर ती म्हणाली, "आता तुम्हीसुद्धा?" ...हो, मीसुद्धा.

साठच्या दशकाची सुरुवात. आम्ही दौंडला राहायचो, वडील लोको शेडमध्ये फिटर. मी रोज सकाळच्या गाडीने पुण्याला कॉलेजात जायचो — आर्ट्सचं पहिलं वर्ष. तत्त्वज्ञान हा विषय घेतला, कारण त्याच्या तासांची वेळ गाडीला सोयीची होती. एवढाच माझा तत्त्वज्ञानाशी संबंध! त्यात एक पेपर तर्कशास्त्राचा. सरांचं ठरलेलं उदाहरण होतं — सर्व कावळे काळे असतात. कोकीळ काळी असते. म्हणून कोकीळ कावळा असते. "चूक कुठे आहे?" असं विचारून ते खडू आमच्याकडे रोखायचे. उत्तर मला पाठ होतं, 'मध्यपद अव्याप्त'. पाठ होतं, कळलं नव्हतं. सहामाहीत शंभरात अठ्ठावीस पडले. तरी घरात तोरा असा, की वडील म्हणाले "भाजी खारट झालीय," की मी पुरावा मागायचो.

आणखी एक सांगायला हवं. मी पायाळू — म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आलेला. पायाळू माणसाच्या अंगात काहीतरी असतं, असं आमच्याकडे मानतात. लहानपणापासून पाठीत उसण भरलेली माणसं घरी येऊन पालथी पडायची आणि आई मला त्यांच्या पाठीला पाय लावायला लावायची. बरी होऊन जायची, तो भाग वेगळा.

माघात मामाच्या मुलीचं लग्न होतं. मामाचं गाव वरवंडच्या पुढे दीड कोसावर. नाव मुद्दाम देत नाही. मी लग्नाच्या दिवशी सकाळीच दौंडहून पोचलो. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे. हळद, बांगड्या वगैरे सगळं आदल्या दिवशीच उरकलं होतं.

लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामींच्या लक्षात आलं की आपली बोरमाळ कुठेच नाही. ट्रंका उपसल्या, अंथरुणं झटकली. मग कुणीतरी म्हणालं, "माजघरात भायेरचं कोन आलं हुतं?"

आल्या होत्या रहमत मावशी. गावातल्याच. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी. आसपासच्या पाच-सहा गावांत त्या बायकांना बांगड्या भरायच्या. बांगड्या भरणारी बाई ओटीवर बसत नाही, थेट माजघरात जाते. तिच्यावर एकदा आळ आला की पाच गावांची माजघरं तिला बंद. मग मायलेकींनी खायचं काय?

मामा म्हणाले, "उगं कुनाचं नाव घ्यायचं न्हाई. आप्पांची वाटी चालवू."

आप्पा म्हणजे गावातले वडीलधारे. त्यांच्याकडे एक काशाची वाटी होती. हळदकुंकू वाहून ती जमिनीवर पालथी ठेवायची, पायाळू माणसाने वर तळहात टेकायचा, आणि वाटी सरकत सरकत चोराच्या दारात जाऊन थांबायची. आता पायाळू कुठून आणायचा, असा प्रश्नही पडला नाही. सगळ्यांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, वाटी काही हलायची नाही. हलली नाही की प्रकरण आपोआप मिटेल आणि गावाला धडाही मिळेल. गुडघ्यांवर बसलो, हात टेकला... आणि वाटी हलली.

हलवत मीच असणार, दुसरं कोण? पण ते तेव्हा कळत नव्हतं. वाटी पुढे, तिच्यामागे मी रांगत, आणि माझ्यामागे अख्खं गाव. गुडघे सोलवटले. वाटी थांबली तेव्हा मान वर केली, तर समोर आपल्या दारात उभ्या रहमत मावशी. बांगड्यांची टोपली घेऊन दुसऱ्या गावाला निघालेल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि मला एवढंच म्हणाल्या, "दत्तू, तू बी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि तिथे, त्या धुळीत गुडघे टेकलेला असताना, मला कोकीळ आठवली. चोर माजघरात गेला होता. रहमत मावशी माजघरात गेल्या होत्या. म्हणून... अरे, हा तर सरांचा कावळाच! वर्षभर घोकलेलं त्या क्षणी लख्ख समजलं. शिवाय हेही दिसलं, की लोकांनी येताना वाट सोडली होती ती याच बाजूला. बाकी सगळीकडे माणसांची भिंत. वाटी जाणार कुठे?

मी उठलो. "आप्पा, वाटीला चोर ठाऊक असतो, व्हय?"

"असतोच."

"वाटीला डोळे हायेत?"

"येडा का काय? वाटीला कुठलं डोळं?"

"मग माझे डोळे बांधा, चार गिरक्या द्या आणि परत चालवा. वाटीला काय फरक पडतोय?"

कुणीतरी मागून म्हणालं, "पोरगं बराबर बोलतंय." फडकं आलं. मी लोकांना हात जोडून सांगितलं, की सगळ्यांनी लांब उभं राहा आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही.

पहिल्या खेपेला वाटी एका उंबऱ्याला अडली. फडकं सोडलं, तर दार आप्पांचं! असा हशा पिकला की आप्पांची म्हातारी बाहेर येऊन सगळ्यांना शिव्या घालू लागली. दुसऱ्या खेपेला वाटी मारुतीच्या पायरीला लागली.

मी म्हटलं, "आता चोर तीन झाले. रहमत मावशी, आप्पा आन् मारुती. कुणाला धरायचं?"

कुणी हसलं नाही. सगळे आप्पांकडे बघत होते. आप्पांनी पटका काढला, डोकं खाजवलं, आणि मोठ्याने बोलत बोलत विचार करू लागले. "मी चोर न्हाई, हे मला ठावं हाय. म्हंजी वाटी चुकती. वाटी चुकती, म्हंजी... बाईचं बी तिनं खरंच सांगितलं, असं म्हनता येत न्हाई."

असा निष्कर्ष आमच्या वर्गात एकाही विद्यार्थ्याने काढला नव्हता! सरांनी आप्पांना शंभरापैकी शंभर दिले असते. मामा पुढे झाले आणि सगळ्यांदेखत रहमत मावशींना हात जोडून म्हणाले, "चुकलो, बाई." त्यांनी नुसती मान हलवली, टोपली उचलली आणि वाटेला लागल्या. त्या दिवशी माझी छाती फुगली होती ती अजून पूर्ण उतरलेली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

आप्पा रागाने वाटी माझ्याच हातात कोंबून गेले होते. दुपारी मामाच्या अंगणात मी एकटाच होतो, बाकीचे मांडव सोडून जेवायला बसलेले. वाटी जमिनीवर पालथी ठेवून हातपाय धुतले आणि उचलायला गेलो. उचलेना. पुन्हा हात घातला, तर ती सरकली. डोळे उघडे, आजूबाजूला माणूस नाही, मनात कुणाचा संशय नाही. अंगण उताराचं असेल म्हणाल, तर वाटी चढाकडे निघाली होती. मी हात काढायचा प्रयत्न केला... निघेना. सकाळी ती माझ्या हाताखाली होती. आता माझा हात तिच्यामागे होता. गोठ्यात कोपऱ्यात आडवं टाकलेलं लाकडी उखळ होतं. त्याच्यावर ती ठण्णकन आपटली आणि हात सुटला.

उखळात हळदीचं फडकं, फडक्याला गाठ, गाठीत बोरमाळ.

मामींनी कपाळावर हात मारून घेतला. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद कुटताना माळ मध्ये मध्ये येत होती, म्हणून त्यांनी काढून फडक्यात बांधली आणि उखळातच ठेवली. तेवढ्यात पाहुणे आले, गडबडीत त्या विसरल्या, आणि मांडवाला जागा करायला कुणीतरी उखळ गोठ्यात नेऊन टाकलं. मी तेव्हा दौंडला होतो. मी ते पाहिलेलं असणं शक्यच नाही.

माळ कशी सापडली, ते मी कुणाला सांगितलं नाही. "शोधत होतो, दिसली," एवढंच म्हणालो. खरं सांगितलं असतं तर वाटी पुन्हा खरी ठरली असती, आणि तीच वाटी आधी मावशींच्या दारात थांबली होती. "त्या बाईनंच आणून ठेवली" म्हणायला लोकांना किती वेळ लागतो? सरांना मात्र सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एका उदाहरणावरून नियम करू नका. पण घडलेलं घडलं नाही, असंही म्हणू नका." वार्षिक परीक्षेत मला एकाहत्तर मिळाले.

पुढच्या वर्षी धाकट्या मामेबहिणीचं लग्न निघालं. हळद कुटायच्या वेळी मामींनी सगळ्या बायकांसमोर बोरमाळ काढली आणि रहमत मावशींच्या गळ्यात घातली. "हळद हुईस्तवर ऱ्हाऊ दे तुझ्याकडं." मावशी ती घालूनच दिवसभर बांगड्या भरत होत्या. मी दारातून बघत होतो. मला रडू आलं, लपवत नाही.

संध्याकाळी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "माळ घावलीच नसती, तर मी चोर ठरले असते का रं?"

"नाही मावशी. पुरावा नसताना कसं ठरवणार?"

"मंग वाटीनं माझं काय भलं केलं? ती मला चोर म्हनली, तू न्हाई म्हनलास. माझं भागलं. आता वाटी कुनी हलवली, ते तुझं तू बघ."

बघतोय. इतकी वर्षं झाली, अजून बघतोच आहे.