पदरावरची हळद

मला घराबाहेर पडायला लावलं ते आमच्या शेजारच्या मावशीनं, हे आधी सांगते. सुलतानपूरला आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. वांगी-मेथी पिकवायची आणि लोणारच्या बाजारात विकायची. नात्यानं ती आमची कोणीच नाही.

माय गेली तेव्हा मी नववीत होते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून शाळा सुटली. कोणी सोड म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी रडले नाही. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. खरं तर मला भीती वाटायची, एकदा रडायला लागले तर बाबांची भाकर कोण टाकेल?

चुलीपाशी पदराला हात पुसायची मायला सवय होती. तिच्या एका साडीचा पदर मी कापून ठेवला होता. त्यावर तिच्या हळदीच्या चार बोटांचे डाग होते. तो मी कधी धुतला नाही. उन्हात डोक्याला बांधायची, बस्स.

बाजार नसला की मावशी दारात उभी. "चाल व, हिंडून येऊ. बायकांले अर्धं तिकीट हाये, घरी बसून काय वाचवून राह्यली?" फडक्यात भाकर, ठेचा, कांदा, लिंबू. लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात भिंतीवरच्या एकेका मूर्तीला तिनं नावं ठेवली. "हिची कंबर पाहाय. निंदायले नेली तर दुपारलोक टिकत नाही!"

एकदा ती मला थेट खाली सरोवरापर्यंत घेऊन गेली. काठाला खाऱ्या पाण्याचा उग्र वास. मावशीनं कमरेची पुडी सोडली, एका तळहातात पाणी घेतलं आणि चिमूटभर हळद टाकली. हळद लाल झाली.

"पाहाय, जादू!"

मी हसले. कितीतरी महिन्यांनी. तिच्या तळहातात बघायला वाकले आणि डोक्याचा पदर सुटून पाण्यात पडला.

उचलला तर मायची बोटं लाल झाली होती.

"गेली व मावशी, माय गेली," म्हणत मी चिखलातच बसले. इतके दिवस थांबलेलं रडू तिथं फुटलं.

"मायले नेलं तवा डोयात थेंब नव्हता, आन आता चिंधीसाठी गाव गोळा करून राह्यली!" असं म्हणत तिनं फडक्यातलं लिंबू काढलं. सुरी नव्हती. दातांनी फोडलं आणि एकेका डागावर पिळलं. चारही बोटं पुन्हा पिवळी झाली. थोडी फिकट, पण पिवळी. वर झऱ्याच्या धारेवर आल्यावर तिनं पदर गोड्या पाण्यात नुसता बुडवून काढला, मला चोळू दिला नाही.

"आता रड," ती म्हणाली. "आज तुह्या बापाची भाकर मी टाकतो."

आता मी पुण्याकडं एका कंपनीत पॅकिंगला आहे. माझ्या 'मले-तुले'ला मुली हसतात, म्हणून कमीच बोलते. पदर पेटीत आहे. डाग आता शोधावे लागतात. गावाहून अवेळी फोन आला की आधी मावशी बरी आहे का ते विचारते. मावशीचे गुडघे गेलेत. ओट्याच्या पलीकडं ती जात नाही, असं बाबा सांगतात.

सिंदखेडराजाचा राजवाडा तिला पाहायचा होता. दर खेपेला म्हणायची, "मेथी काढायची हाये, पुढल्या बारीले जाऊ." मागच्या दिवाळीला मला दोनच दिवस सुट्टी मिळाली. दोन्ही दिवस घर सारवण्यात आणि फराळात गेले. निघताना ती ओट्यावर बसली होती. राजवाड्याचं नाव तिनंही काढलं नाही, मीही नाही. ते अजून टोचतं.

परवा फोनवर विचारत होती, "तुह्या तिकडं मोठमोठे किल्ले असतीन न व?"

"असतीन. म्या एकही नाही पाह्यला. तुह्याबिगर कोनासंगं जाऊ?"

ती हसली, मग बराच वेळ खोकत राहिली.

मावशी, आता सुट्टी मिळाली की ऑटो तुझ्या ओट्याला लावीन. राजवाड्याच्या पायऱ्या आल्या की तुला पाठीवर घेईन. भाकर या खेपेला मी बांधीन, आणि लिंबूही घेईन. तेवढी वाट पाहा.